पुढच्या हंगामात कुणाला बोलवायचं?



होळी झाली, दुपारी अगाशीवर अनवाणी पाय ठेववेना, आणि ग्रो बॅगमधल्या टोमॅटोच्या झाडांनी माना टाकायला सुरुवात केली. (बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गच्चीला अगाशी म्हणतात. शब्द गुजराती, पण इतक्या पिढ्यांनंतर तो आमचाच झालाय.) यंदाचा हंगाम संपला. आता पुढच्या हंगामात कुठले वाण पुन्हा लावायचे आणि कुणाला निरोप द्यायचा, हे ठरवायचं आहे.

तुम्ही म्हणाल, बी पेरायचं ऑगस्टअखेरीस, मग आत्तापासून कशाला डोकं शिणवायचं? कारणं दोन. एक म्हणजे कुठल्या झाडाने काय दिलं ते आत्ता नीट आठवतंय. ऑगस्टपर्यंत 'छान आले होते हं यंदा' एवढंच शिल्लक राहील. दुसरं, ज्या वाणाचं बी आपण घरीच धरणार, त्याची शेवटची चांगली फळं आत्ताच झाडावर आहेत. ती कोशिंबिरीत गेली की विषय संपला.

माझ्याकडे जागा आहे बारा ग्रो बॅगांची. त्याहून एक जरी वाढवली तर कपडे वाळत घालायची दोरी आड येते, आणि त्या दोरीवर सासूबाईंचा हक्क माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे. यंदा त्या बारा बॅगांत सहा वाण लावले, प्रत्येकाच्या दोन बॅगा. पुढच्या वर्षी सहाच्या सहा पुन्हा लावायचे नाहीत हे नक्की. प्रश्न आहे तो कुणाला गाळायचं आणि कशाच्या आधारावर.

आधी हवामान

आपल्याकडे टोमॅटोला मिळणारी खिडकी लहान आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी, त्यानंतर २५-३० दिवसांनी रोपं बॅगेत, डिसेंबरच्या सुमारास पहिली पिकलेली फळं आणि मार्चपर्यंत तोडणी. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास पोचलं आणि रात्रीही गारवा येईनासा झाला की परागकण नीट तयार होत नाहीत. फुलं येतात आणि गळतात. झाडावर आधीच धरलेली फळंसुद्धा रंगाला कच्ची राहतात, कारण टोमॅटोला लाल करणारं लायकोपिन साधारण ३० अंशांच्या वर नीट बनत नाही. मार्चअखेरची फळं केशरी-पिवळी का दिसतात, हे तुम्हाला कधीतरी पडलेलं कोडं असेल तर त्याचं उत्तर हे आहे. खताचा दोष नाही.

म्हणजे एका बॅगेला वर्षातून एकच खरी संधी. चुकीच्या वाणाला दिलेली बॅग पुढल्या डिसेंबरपर्यंत परत मिळत नाही.

यंदाचे सहा

*पुसा रुबी.* दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं हे जुनं वाण. 'पुसा' हे बिहारमधलं गाव. संस्था १९०५ मध्ये तिथे सुरू झाली, १९३४ च्या भूकंपात इमारतीचं नुकसान झालं आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला हलली. गाव मागे राहिलं, नाव मात्र बियांच्या पाकिटावर अजून आहे. फळ चपटं, बाजूंनी जरा घड्या पडलेलं, पातळ सालीचं, रसदार आणि आंबटसर. झाड वाढतच राहतं, त्यामुळे काठी आणि सुतळी लागतेच. दोन झाडांनी मिळून ५ किलो १०० ग्रॅम दिले. पिकलेलं फळ तीन-चार दिवसांत वापरावं लागतं.

*अर्का रक्षक.* बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हायब्रीड. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना तोंड देईल असं मुद्दाम घडवलेलं. नाव अगदी सार्थ. माझ्या अगाशीवर हीच दोन झाडं मार्चपर्यंत हिरवीगार उभी होती. एकूण ९ किलो ४०० ग्रॅम. फळ लालभडक, घट्ट, बाहेर ठेवलं तरी दोन आठवडे टवटवीत.

*चेरी.* छोटी लाल गोळ्यांएवढी फळं, घोसांनी लागणारी. वजनाची नोंद ३ किलो २०० ग्रॅम, पण ती विश्वासार्ह नाही. माझा आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आला की दप्तरासकट आधी अगाशीवर जातो, आणि तिथे जे खाल्लं जातं ते वजनकाट्यापर्यंत येत नाही.

*चेरोकी पर्पल.* अमेरिकेतलं पारंपरिक वाण. गडद जांभळट-तपकिरी, मोठं, एकेक फळ पाव किलोच्या पुढे. मागवलं ते फोटो बघून, हे कबूल. दोन झाडांनी मिळून चार फळं दिली, त्यातली दोन देठापासून तडकलेली. एकूण १ किलो १०० ग्रॅम.

*बाजारातला.* खंडेराव मार्केटमधून आणलेल्या एका लांबट, घट्ट टोमॅटोचं बी प्रयोग म्हणून पेरलं. बाजारातले असे टोमॅटो बहुतेक हायब्रीड असतात, म्हणजे दोन वेगळ्या आईबापांची पहिली पिढी. ती पिढी एकसारखी निघते. पण तिचं बी पेरलं की आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होऊन कुणाच्या वाट्याला काहीही येतं. शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांवर पाच मार्कांचा प्रश्न यायचा, तोच हा. दोन बॅगांमधलं एक झाड बाजारातल्यासारखी लांबट फळं देत होतं आणि शेजारचं सख्खं भावंड लहान, गोल आणि उशिरा. दोन्ही मिळून ४ किलो ३०० ग्रॅम.

*आत्याचा.* याला दुसरं नाव नाही. माझ्या आजीच्या अंगणात असायचा, मग आत्याकडे आला, म्हणून आमच्यात 'आत्याचा टोमॅटो'. मध्यम आकाराचं, खाचा असलेलं फळ. पिकलं तरी देठापाशी हिरवट राहणारं. साल इतकी पातळ की पिशवीत घालून न्यावं तर घरी रस पोचतो. आणि आंबट. नुसता खाल्ला तर एक डोळा आपोआप मिटतो. दोन झाडांनी २ किलो ६०० ग्रॅम दिले आणि फेब्रुवारीत एकाची पानं मुरडली.

एक्सेलमध्ये कोण जिंकलं

मी दिवसभर सॉफ्टवेअरचंच काम करते, त्यामुळे घरच्या प्रश्नांनाही कॉलम पाडायची खोड आहे. एकूण वजन, पहिलं फळ किती दिवसांनी, रोग, टिकाऊपणा, चव, असे पाच कॉलम केले, प्रत्येकाला गुण दिले आणि बेरीज मारली. अर्का रक्षक पहिला, आणि तोही मोठ्या फरकाने. आत्याचा टोमॅटो पाचवा. त्याच्या खाली फक्त चेरोकी पर्पल.

नवऱ्याने स्क्रीनकडे बघून विचारलं, "मग बाराही बॅगांत रक्षकच लाव की. प्रश्न मिटला."

प्रश्न मिटत नाही, कारण अशा तक्त्यात खरा निर्णय बेरजेच्या आधीच झालेला असतो: कुठल्या गुणाला किती महत्त्व द्यायचं तिथे. मी वजनाला सगळ्यात जास्त गुण दिले होते. का दिले, याला उत्तर एवढंच की वजन मोजायला सोपं असतं.

आता त्या किलोंकडे जरा नीट बघू या. आपल्यापैकी कितीतरी जणांनी अगाशीवर टोमॅटो लावायला सुरुवात केली ती २०२३ च्या जुलैनंतर. त्या महिन्यात अनेक शहरांत टोमॅटो दोनशे रुपये किलोच्याही वर गेले होते. आठवतंय ना, भाजीवाला एकदम सराफ वाटायला लागला होता. पण मंडळी, जुलैत आपल्या अगाशीवर एकही टोमॅटो नसतो! आपला बहर जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि नेमका तेव्हाच शेतातला मालही भरभरून येतो. आपल्या बॅगा ओसंडून वाहत असतात त्याच आठवड्यांत बाजारातला टोमॅटो वर्षातला सगळ्यात स्वस्त असतो. रक्षकचे ते जास्तीचे चार किलो मी जानेवारीत नाक्यावरून शंभर-दीडशे रुपयांत आणले असते.

मग किलोंसाठी लावायचं कशाला? जे बाजारात मिळत नाही त्यासाठी लावायचं. हे एकदा कबूल केलं की पहिला कॉलम जवळजवळ पुसूनच टाकावा लागतो.

उत्तरायणची परीक्षा

चवीच्या कॉलममध्ये माझे एकटीचे गुण होते, ते बरोबर नव्हतं. पण यावर उपाय जानेवारीतच झाला होता. उत्तरायणला आमच्या सोसायटीचं सगळं जग अगाशीवर असतं. मांजा अडकून झाडांच्या दोन-चार फांद्या दरवर्षी जातात, तो आमचा पतंगांना द्यायचा कर. यंदा मी सहा ताटल्यांत सहा वाणांच्या फोडी मांडल्या, ताटल्यांवर नाव न लिहिता फक्त आकडे लिहिले आणि चौदा जणांना चाखायला लावलं. शेजारचे गुजराती काका-काकू, वरच्या मजल्यावरचे दोन कॉलेजचे मुलगे, आमच्या घरचे आणि 'काय पो छे'च्या आरोळ्यांमधून वेळ काढून आलेली पोरंटोरं.

कच्चं खाण्यात चेरी पहिला आला, चेरोकी पर्पल दुसरा. पुसा रुबी तिसरा, रक्षक चौथा, बाजारातला पाचवा. आणि आत्याचा टोमॅटो सगळ्यात शेवटी. एका मुलाने आकड्याशेजारी नुसता 'ना' लिहिला होता.

मी ही यादी सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी कच्चे खाल्ले. घरात कच्चा टोमॅटो कितीसा खातो गं आपण?"

खरंच की. आमच्या घरात दहातले सात टोमॅटो शिजतात. सार, आमटी, पिठलं, रस्सा आणि आठवड्यातून एकदा शेव-टमेटा. म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी दुसरी परीक्षा झाली. रक्षक, पुसा रुबी आणि आत्याचा, तिघांचं वेगवेगळं सार. तीच नारळाच्या दुधाची वाटी, तेवढंच मीठ, तेवढाच गूळ, तीच तूप-जिऱ्याची फोडणी.

रक्षकचं सार दिसायला सुंदर झालं, पण त्याला सार म्हणण्यापेक्षा टोमॅटोची पेज म्हणावं लागेल. घट्ट गराचं फळ ते. ट्रकमधून लांब जायला आणि टिकायला घडवलेलं. तो त्याचा गुण आहे, सारात मात्र अडचण. पुसा रुबीचं सार चांगलं. आत्याच्या टोमॅटोचं सार सासूबाईंनी वाटीत घेतलं, एक घोट प्यायल्या आणि वाटी तशीच हातात धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "याला कोकम लागलं नाही." आमच्या घरात यापेक्षा वरचे गुण देत नाहीत.

ज्या आंबटपणाने त्याला अगाशीवर शेवटी बसवलं, त्यानेच स्वयंपाकघरात पहिला आणला. आत्याला हे सांगितलं तर तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आंबट आहे म्हणूनच तर ठेवलाय. गोड खायचं असेल तर आंबा आहे की!"

तो हिरवा देठ

देठापाशी राहणारा हिरवा भाग मला आधी दोष वाटायचा, कारण तेवढं कापून टाकावं लागतं. पण त्यामागे एक मजेशीर गोष्ट आहे. कच्च्या टोमॅटोचे खांदे गडद हिरवे असतात कारण तिथे हरितद्रव्य जास्त असतं, आणि ते फळातच थोडी साखर तयार करतं. विसाव्या शतकात संकरकारांनी जवळपास ७० वर्षं नेमकी ती झाडं निवडली ज्यांची कच्ची फळं सगळीकडून एकसारखी फिकट हिरवी असतात. ती एकसारखी लाल होतात, तोडायची कधी हे ठरवणं सोपं जातं आणि पेटीत देखणी दिसतात. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की त्या निवडीबरोबर एक जनुक निकामी झालं होतं, आणि ते जनुक फळातली साखर आणि लायकोपिन वाढवायला मदत करणारं होतं. कुणी चव घालवायला निघालं नव्हतं. दिसण्यासाठी निवड केली आणि चवीचा एक तुकडा त्याबरोबर निघून गेला, कारण त्या कॉलममध्ये कुणी बघतच नव्हतं.

माझ्या एक्सेलमध्येही अगदी हेच होणार होतं, फक्त बारा बॅगांपुरतं.

काय पुन्हा मिळेल, काय नाही

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कॉलम. तो मूळ तक्त्यात नव्हताच. मी हे वाण यंदा लावलं नाही, तर पुढे कधी मन झालं तेव्हा ते मला मिळेल का?

रक्षकचं बी संस्था विकते, दरवर्षी नवं घ्यावं लागतं, पण मिळतं. पुसा रुबी कुठल्याही बियाण्यांच्या दुकानात. चेरी तसंच. चेरोकी पर्पल ऑनलाइन. बाजारातला तर बाजारातच आहे. आत्याचा टोमॅटो मात्र कुठल्याही दुकानात नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते आपल्यापैकी अनेकांनी घरात उभं राहून पाहिलंय. आत्याचं घर तळमजल्यावर. पाणी कमरेपर्यंत चढलं. फ्रिज, गाद्या, लग्नातलं कपाट, सगळं गेलं. दिवाळीपर्यंत भिंती ओल्या होत्या. त्या गडबडीत फडताळातल्या बिस्किटांच्या डब्याची आठवण कुणाला व्हायची? त्या डब्यात कागदी पुड्यांमध्ये तिचं सगळं बी होतं. वाल, काळी घेवडी, झेंडू, टोमॅटो. चिखलात कालवलेला तो डबा सफाईच्या ट्रॅक्टरमध्ये गेला. त्या हिवाळ्यात तिने काहीच लावलं नाही.

माझ्याकडे तिनेच २०२२ मध्ये दिलेली एक पुडी होती. नीट कोरडं ठेवलं तर टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं उगवतं, पण दरवर्षी उगवण घटत जाते. गेल्या सप्टेंबरात त्यातल्या वीस बिया पेरल्या, सात उगवल्या. ट्रेमध्येच तीन रोपांची पानं मुरडली. उरली चार. दोन आत्याला दिली, दोन मी ठेवली. तिच्यातलं एक जगलं. पुडीत आता दहा-बारा बिया आहेत, आणि त्या आणखी एक वर्षाने म्हाताऱ्या झाल्यात.

म्हणजे ज्याला माझ्या तक्त्याने पाचवा नंबर दिला, ते वाण सध्या जगात आहे ते आमच्या दोघींच्या घरातल्या तीन झाडांवर. पुढच्या हंगामात जागा नाही म्हणून ते टाळलं तर 'एक वर्ष गॅप' पडणार नाही. ते संपेल. आणि ते संपल्याचं कळणार कधी, तर पाच-सहा वर्षांनी कुणीतरी सार करायला घेईल आणि कोकमाची बरणी उघडेल तेव्हा.

आमच्या कामात एक साधा नियम असतो: जी गोष्ट एकाच ठिकाणी साठवली आहे, ती साठवलेली नाहीच असं समजा. बियांनाही तो लागू पडतो. बिया फडताळात ठेवून सांभाळल्या जात नाहीत. त्या पेराव्या लागतात आणि वाटाव्या लागतात. आत्याने मला दिली नसती तर तिच्याकडची गेलीच होती.

तर निर्णय

पुढच्या हंगामासाठी बारा बॅगांची वाटणी अशी:

आत्याचा: ५. तिथे आता उत्पन्नासाठी नाही, बियांसाठी लावतेय. जास्त झाडं म्हणजे बी जास्त झाडांचं, आणि एखादं रोगाने गेलं तरी बाकीची आहेत.

पुसा रुबी: ३. रोजच्या स्वयंपाकासाठी. हे सरळ वाण आहे, बी घरीच धरता येतं.

अर्का रक्षक: २. कामाचा माणूस. सगळ्यांवर रोग आला तरी हा उभा असतो, आणि डब्यातल्या सँडविचला याच्यासारखा दुसरा नाही.

चेरी: १. एका झाडाने मुलाचं पोट भरतं, हे यंदा सिद्ध झालंय.

नवीन पाहुणा: १. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'भाग्यश्री'. बिया कमी आणि लायकोपिन जास्त, अशी त्याची ख्याती आहे. दरवर्षी एक बॅग अनोळखी वाणाला द्यायची, म्हणजे उत्सुकता भागते आणि बाकीच्या अकरा बॅगा सुरक्षित राहतात.

चेरोकी पर्पलला निरोप. चव अप्रतिम होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठं फळ पिकायला वेळ घेतं, आणि आमची खिडकी तोवर बंद व्हायला लागते. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांचा हिवाळा आमच्यापेक्षा गार आणि लांब; त्यांनी जरूर लावून बघावं. बाजारातल्याचा प्रयोग झाला, शिकायचं ते शिकून झालं.

तुमची यादी वेगळी असेल, असायलाच हवी. पण ठरवताना वजनाआधी हे तीन प्रश्न विचारून बघा. आपण हा कच्चा खातो की शिजवतो? आपल्या बहराच्या दिवसांत असाच बाजारात मिळतो का? आणि यंदा सोडला तर परत मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोघांची उत्तरं काहीही असोत, एक बॅग त्याची.

बी धरताना

ज्यांच्याकडे असं घरचं वाण आहे त्यांनी या आठवड्यातच हे करावं.

निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या झाडांवरची. पानं मुरडलेल्या झाडाचं फळ खा, पण बी धरू नका. आणि फक्त मोठं फळ बघून निवडू नका. दरवर्षी सगळ्यात मोठ्याचं बी धरत गेलं तर हळूहळू वाण मोठं होईल, पण ज्यासाठी ते ठेवलंय तो गुण राहीलच असं नाही. मी तर फळ कापल्यावर कडेची फोड चाखून बघते. डोळा मिटला नाही तर त्याचं बी धरत नाही.

बियांचा गर पेल्यात काढा, थोडं पाणी घाला, वर कापड बांधून सावलीत ठेवा. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो तो त्यांना उगवू देत नाही. तो आंबून सुटायला हवा. थंडीत तीन दिवस लागतात, सध्याच्या उन्हाळ्यात दीड-दोन पुरतात. वर पांढरी साय आली की बरंच पाणी घालून ढवळा. चांगल्या बिया तळाशी बसतात, पोकळ तरंगतात, त्या ओतून टाका. दोन-तीनदा धुवा आणि स्टीलच्या ताटलीत सावलीत पसरून वाळवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटतात. आठवडाभराने कागदी पुडीत घाला, पुडीवर नाव आणि साल लिहा, आणि पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा.

टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी बी साधारण शुद्ध राहतं. मात्र पांढरी माशी विषाणू पसरवते, म्हणून पुढच्या सप्टेंबरात आत्याच्या टोमॅटोचा ट्रे पहिला महिना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत राहणार आहे. जाळी आणून झाली आहे.

माझ्याकडच्या बियांचे यंदा चार भाग केलेत. एक माझा, एक आत्याचा. ती आता तिचा भाग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कपाटात ठेवणार आहे. तिसरा बेळगावच्या मामेबहिणीला पाठवला. चौथा भाग या अंकाच्या वाचकांसाठी. फार नाहीत, सात-आठ घरांना पुरतील. ज्यांना हव्या असतील त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं. अट एकच: मार्चमध्ये त्यातल्या निम्म्या बिया दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या.

आणि तुमच्या घरी असं बिननावाचं काही असेल, वांगं, वाल, दोडका, काहीही, तर ते कुणाकडून आलं आणि त्याचं काय करतात ते मला लिहून कळवा. ऑगस्टच्या अंकात रोपांच्या तयारीबरोबर त्यांची यादी देईन.